जेठांच्या पायाचा गुण

कंबर धानाचं पोतं उचलताना गेली असती तर गावात काही इज्जत राहिली असती. माझी गेली खडू उचलताना. चौथीच्या वर्गात फळ्यावर हाडांचा धडा लिहीत होते, खडू हातातून निसटला, मी वाकले आणि वाकलेलीच राहिले. पोरांना वाटलं, बाई काहीतरी करून दाखवताहेत. तीही वाकली. हेडमास्तर दारात आले तेव्हा अख्खा वर्ग काटकोनात उभा होता. त्यांनी मला विचारलं, "योगासनं आजच होती का?"

त्या दिवसापासून कमरेने माझ्याशी उभा दावा मांडला. दिवसा ती जरा तरी माणसात असायची. चालताना, उभ्याने शिकवताना, उभ्याने भाजी निवडताना नुसती कुरकुर, बसलं तर कळ. पण पाठ टेकली की तिचा खरा अवतार सुरू व्हायचा. उताणं झोपावं तर कळ मांडीत उतरायची, कुशीवर झोपावं तर वर चढायची. कूस बदलणं हे तर एक कार्यच होऊन बसलं होतं. आधी मनाची तयारी, मग गुडघे, मग उशी दातात धरून खांदा. हे सगळं जमेपर्यंत झोप कुठल्या कुठे गेलेली असायची, आणि मी डोळे टक्क उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडायची.

शेजारी नवरा. त्याला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणते आणि मनात 'तू', त्यामुळे इथे 'तो'च लिहिते. नवरा मोटरपंप दुरुस्त करतो, आजूबाजूच्या गावांतल्या जळालेल्या मोटरींचं वायंडिंग आमच्या पडवीत होतं. त्याची झोप म्हणजे स्विच. पाठ टेकली की बंद, सकाळी चालू, मध्ये काही नाही. आणि दुखण्याबद्दलचा त्याचा नियम मोटरीचाच होता. जे गरम होत नाही, आवाज करत नाही आणि ज्याला जळल्याचा वास येत नाही, ते बिघडलेलं नाही.

"तुह्या कमरेतून आवाज येते का?" त्याने विचारलं.

"नाई."

"वास?"

"कमरेले वास कायचा येईल?"

"मंग आतून ठीक आहे ते. तू मनाले लावून घेतलं."

राग यायचा तो याचा. दुखण्याचा नाही. ताप आला तर थर्मामीटर दाखवता येतो, पाय मोडला तर प्लास्टर दाखवता येतं. कंबर कुणाला काय दाखवणार? मला झोप तर हवीच होती, पण त्याहून जास्त हे हवं होतं की माझ्या शेजारी घोरणाऱ्या या माणसाने एकदा तरी म्हणावं, हो, तुझं दुखतं. बस. एवढ्यासाठी मी तोंड वर करून मागायला तयार नव्हते, आणि न मागता तो द्यायला तयार नव्हता.

गोंदियाच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा मला वाटलं, आता पुरावा मिळेल. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि सांगितलं, "मणक्यांमधला गॅप कमी झालाय, एल-फोर एल-फाइव्ह." मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं. तोही एक्स-रेकडे पाहत होता, पण त्याची मान वेगळ्याच कारणाने हलत होती. "गॅप पायजेच ना डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "गॅप नसला त शॉर्ट होते." डॉक्टरांना हे इतकं पटलं की दोघे मोटरींबद्दल बोलत बसले आणि मी उभी राहिले, कारण बसलं की दुखायचं. परत येताना त्याने गाडी नेहमीच्याच वेगाने हाणली. गोंदिया ते आमचं गाव या रस्त्यावर ग्रामपंचायतींनी किती उत्साहाने ब्रेकर टाकले आहेत, ते मला त्या दिवशी एकेक करून कळलं.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे दुखणं सांगितलं की माणूस आधी स्वतःचं सांगतो आणि मग औषध. पलंगावर झोपू नका, फळीवर झोपा. फळीवर झोपू नका, खाटेवर झोपा. चिचगडच्या एका पाहुणीने टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल बाटलीभर पाठवलं. ते चोळून शाळेत गेले तर पहिल्या बाकावरची पोरं नाक धरून तिसऱ्या बाकावर गेली. कुणी म्हणालं नागऱ्याच्या महादेवाला जा, तिथे बसून जप करा. बसता आलं असतं तर महादेवाला तरी कशाला त्रास दिला असता? मी फळीवर झोपले, जमिनीवर झोपले, एकदा तर धानाच्या कोठीला टेकून उभ्याउभ्या डोळे मिटले आणि जरा डुलकी लागते न लागते तोच उंदीर पायावरून गेला. शाळेत हजेरी घेताना एका नावावर मी थांबायची आणि तिथेच झोपायची. पोरं इतकी समजूतदार, आपोआप पुढची नावं घेऊन "हजर" म्हणायची.

आणि हे सगळं चालू असताना, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर, दर रविवारी सकाळी लोकांच्या कमरा बऱ्या होत होत्या.

नवऱ्याचे थोरले भाऊ, आमच्याकडे त्यांना जेठ म्हणतात, ते पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. अशा माणसाच्या पायात गुण असतो, त्याने हलकी लाथ मारली की भरलेली उसण उतरते, लचकलेली कंबर सुटते, असं सगळा मुलूख मानतो. पायाळू माणसावर वीज पडते असंही मानतात. त्यामुळे आभाळ गडगडलं की जाऊबाई टीव्हीचा प्लग काढतात आणि जेठांना घरात घेतात, बहुतेक याच क्रमाने.

जेठ सत्तरीला टेकलेले, बांध्याने काठीसारखे आणि स्वभावाने देवळातल्या घंटेसारखे, कुणी वाजवल्याशिवाय न बोलणारे. आमच्या आंगणाला दोन चुली, एक त्यांची, एक आमची, मधोमध गोठ्याचा खांब आणि त्याला बांधलेली त्यांची म्हैस. रविवारी लोक सालेकशाकडून येत, देवरीकडून येत, कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत तर चढून उतरलेले यात्रेकरूही वाट वाकडी करून येत. आलेल्या माणसाने खांब धरून पाठमोरं उभं राहायचं. जेठ मागे येत, डावी चप्पल काढत, एक सौम्य लाथ कमरेत देत आणि चप्पल घालत. पैसे नाही, नारळ नाही, घेतलं तर गुण जातो म्हणे. आलेला माणूस त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असेल तर ते आधी त्याच्या पाया पडत, मग लाथ मारत आणि मग परत पाया पडत. मी खिडकीतून हे सगळं बघायची आणि दर रविवारी तेच ऐकायची, "वा! मोकरं वाटून राहिलं."

माझा यावर विश्वास नव्हता. चौथीच्या पोरांना मी वीज कशी पडते ते शिकवते, तिला कुणाचा जन्म कसा झाला हे माहीत नसतं हेही शिकवते. पण बरेच महिने झोप नसलेल्या माणसाला विश्वासाची चैन परवडत नाही. मला कुणी सांगितलं असतं की बेडकाला नमस्कार केला की झोप येते, तर मी बांधावर जाऊन बसले असते. म्हणजे उभी राहिले असते.

अडचण विश्वासाची नव्हतीच. अडचण नात्याची होती. आमच्याकडे जेठ आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांना शिवायचं नाही. चुकून धक्का लागला तर दोघांनी अंघोळ करायची. सून डोक्यावरचा पदर खाली ओढून बाजूला होते, आणि जेठ तिच्याशी सरळ बोलत नाहीत. लग्नाला तीस वर्षं होत आली, जेठांनी मला एक शब्द बोललेला नाही. त्यांना काही सांगायचं असलं की ते म्हशीला सांगतात. "का गं, आज कोनी दूध तापवलं नाई वाटते," असं म्हशीकडे बघून म्हणायचं, म्हणजे मी दूध तापवायचं. मीही भांडं जरा आपटून ठेवते, म्हणजे त्यांना कळतं की ऐकलं. आमचं दोघांचं नातं अत्यंत चांगलं आहे. म्हैस मध्ये आहे म्हणून असेल.

हा विषय जाऊबाईंनी काढला. मी त्यांच्या ओट्याला टेकून उभ्याने जेवत होते. घोड्यासारखी उभी राहून भाकर मोडणारी बाई बघून त्यांचं काळीज हललं. "दिव्याखाली अंधार म्हंतात ते हेच," त्या म्हणाल्या. "लोक कुठून कुठून येऊन राहिले, आन घरची सून मरून राहिली."

"पन कसं होईल बाई? शिवता येत नाई ना."

"पाहू," त्या म्हणाल्या. जाऊबाई 'पाहू' म्हणाल्या की गोष्ट झाली असं समजायचं.

त्याच संध्याकाळी आंगणात बैठक बसली. जेठ म्हशीजवळ, जाऊबाई मधे, नवरा पडवीत एका उघड्या मोटरीसमोर, आणि मी खांबाआड पदर ओढून. जेठांनी खाकरून म्हशीला सांगितलं, "मी आजवर कोनाले नाई म्हनलं नाई. पन भाच्याची उसन भरली तवा मी त्याले वापस पाठवलं. भाच्याच्या आपन पाया पडतो, त्याले लात कशी मारावं? तसंच हे."

हे खरं होतं. मामाने भाच्याच्या पाया पडायचं ही आमच्याकडची रीत, आणि तो बिचारा भाचा शेवटी गोंदियाला जाऊन इंजेक्शन घेऊन आला.

"मधात कायीतरी ठेवलं त?" जाऊबाई म्हणाल्या. "म्हंजे शिवल्यासारखं नाई होनार."

इथे माझ्या नवऱ्याने मोटर बाजूला ठेवली. त्याचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांत माझ्या कमरेत त्याला पहिल्यांदाच रस वाटला होता. आणि तो कमरेत नव्हता, मध्ये काय ठेवायचं यात होता. हे मला लगेच कळलं आणि लगेच राग आला.

"सवाल असा आहे," तो म्हणाला, "गुण गेला पायजे आन शिवनं नाई गेलं पायजे. दोनी एकाच वायरीतून चालले आहेत."

मग प्रत्येक वस्तूचा विचार झाला. लाकडी फळी? जाऊबाईंना आवडली. पण नवरा म्हणाला, लाकडातून करंट जात नाही, तर गुण कसा जाईल? रबरी चटईही त्याच कारणाने बाद. लोखंडी पत्रा? त्यातून सगळंच जातं, शिवणंही. बारदाना? बारदान्याला भोकं असतात, जाऊबाई म्हणाल्या, भोकातून बोट लागलं तर? मी खांबाआडून म्हणाले की धानाचं भरलेलं पोतं मध्ये ठेवावं. मग जेठ म्हशीला म्हणाले, "लक्ष्मीले लात मारावं म्हंते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरीण असून एवढं कळू नये!

शेवटी नवराच ओरडला, "मी!"

"तू का?" जाऊबाईंनी विचारलं.

"मीच वायर! भाऊ मले लात मारू शकते, लहानपनापासून मारून राहिला. आन मी हिले शिवू शकतो. भाऊचा पाय माह्या पाठीले, माहे हात हिच्या कमरेले. गुण माह्यातून जाईल. शिवनं माह्याजवळ येऊन अर्थ होऊन जाईल."

अर्थ म्हणजे अर्थिंग. जमिनीत जाणं. त्याने ते हाताने दाखवलंही. जेठांनी बराच वेळ विचार केला, म्हशीनेही केला असावा, कारण ती रवंथ करायची थांबली होती. मग जेठ म्हणाले, "यात दोष दिसत नाई."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि माझी काडी म्हणजे हा माणूस. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी आंगण भरलं. नेहमीच्या रांगेतले लोक तर होतेच, पण बातमी पसरल्यामुळे ज्यांच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं तेही आले. मी खांब धरून उभी राहिले, पदर हनुवटीपर्यंत. नवरा माझ्यामागे आला आणि तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली, जी आठवडाभर कुणाच्याच लक्षात आली नव्हती. त्याला माझ्या कमरेवर दोन्ही हात ठेवून उभं राहायचं होतं. चारचौघांत. थोरल्या भावासमोर. तीस वर्षांत या माणसाने आंगणात माझा हात धरलेला नाही. बाजारात तो माझ्या पुढे दहा पावलं चालतो, ओळखीचं कुणी भेटलं की पंधरा.

त्याने हात पुढे केले, मागे घेतले, परत पुढे केले. बायकांमध्ये खसखस पिकली. जाऊबाईंनी सगळ्यांना दम दिला, "तोंडं फिरवा तिकडं!" अख्ख्या आंगणाने तोंड फिरवलं. मग त्याचे हात माझ्या कमरेवर आले. गरम होते, आणि मला उगीच वाटून गेलं की आता तरी याला काहीतरी बिघडलंय हे कळेल.

पण जेठांचं काय? त्यांना तर बघावंच लागणार होतं. ते पाठीमागून म्हशीला म्हणाले, "मीबी डोळे मिटून घेतो."

हे कुणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, किंवा ऐकून कुणी "नको" म्हटलं असतं तर. पण सगळ्यांना ते इतकं शोभून दिसलं की कुणी काही बोललं नाही. जेठांनी डोळे मिटले. उघड्या डोळ्यांनी जो पाय अंतर बघून, अंदाज घेऊन हलकेच लागायचा, तो बंद डोळ्यांनी कुठे आणि किती ते त्यांना तरी काय माहीत? ते एक पाऊल जास्त पुढे आले असावेत, आणि सून आहे म्हणून गुण जरा जास्तच द्यावा असंही मनात असावं. लाथ पूर्ण बसली, आणि नवरा नेमका त्याच क्षणी "भाऊ, तयार" म्हणायला मागे वळत होता.

"आई गं!" एवढंच तो म्हणाला. माझ्या कमरेवरचे हात निसटले, तो वाकडा होऊन माझ्या पायाशी खाली आला आणि खडू शोधत असल्यासारखा तिथेच थांबला. मी झटकन वळले. त्या घाईत माझ्या कमरेत कळ आली की नाही हे मला आजही आठवत नाही.

जेठांनी डोळे उघडले आणि ओरडले, "सूनबाई! धर त्याले!"

"धरलं, भाऊजी!" मी ओरडले. पदर केव्हाच खांद्यावर होता.

आंगण परत आमच्याकडे वळलं होतं. जेठ आणि मी एकमेकांकडे सरळ बघत होतो. जेठांचे डोळे घारे आहेत हे मला तीस वर्षांनी कळलं. त्यांनी जीभ चावली, घाईने म्हशीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात तिला विचारलं, "कोनाले जास्त लागलं त नाई ना?" मी पदर ओढला आणि हाताशी लागलेली बादली आपटली.

नवऱ्याला चौघांनी उचलून घरात आणलं. उचलताना तो ज्या आवाजात ओरडत होता तो ऐकून रांगेतले दोन जण घरी निघून गेले. जाऊबाईंनी जमिनीवर दोन चटया शेजारी शेजारी टाकल्या. एका चटईवर तो, दुसऱ्यावर मी, आणि मध्ये टोरीच्या तेलाची बाटली. दार ओढून त्या गेल्या. दुपार झाली. बाहेर माणसं अजून कुजबुजत होती.

"मले कूस बदलाची आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला. छताकडे बघून म्हणाला, मान वळत नव्हती.

"आधी गुडघे वाकवा."

"मंग?"

"मंग खांदा आन कंबर एकाच वेळी. ओंडक्यासारखं. कंबर एकटी नाई वळवायची."

तो वळला. वळताना जो आवाज त्याच्या तोंडातून आला तो मला चांगलाच ओळखीचा होता. माझाच होता तो, फक्त मी तो उशीत काढायची. वळून झाल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मोटर पायावर पडून नख निघालं तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"आवाज नाई, वास नाई," तो म्हणाला, "आन जीव जाऊन राहिला."

मी तेलाची बाटली त्याच्याकडे सरकवली.

"तुले असं रोज होते?"

"रोज."

"रातभर?"

"रातभर."

"मंग मले उठवलं काऊन नाई?"

"उठवलं होतं," मी म्हणाले. "तुमी म्हनले, सकाळी पाहू."

त्याला ते आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि आठवत नाही याचीच त्याला लाज वाटत होती, हेही दिसत होतं. मग तो म्हणाला, "लय दुखते गं तुहं."

एवढंच वाक्य होतं. त्यासाठी मी गोंदियाला जाऊन एक्स-रे काढला होता, आणि ते माझ्या चटईपासून वीतभर अंतरावर इतका वेळ पडून होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे कमरेत कळ आली. तो पुढे आणखी काहीतरी बोलत होता, आंगणातल्या लोकांबद्दल की भावाबद्दल, पण मी ते ऐकलं नाही. मला झोप लागली.

दिवेलागणीपर्यंत मी झोपले. मध्ये जाऊबाई दोनदा डोकावून गेल्या म्हणे. नवऱ्याने बोट ओठावर ठेवून त्यांना बाहेर काढलं. पाणी हवं होतं तरी त्याने हाक मारली नाही. मी घोरत होते, असंही जाऊबाईंनी आंगणात जाहीर केलं. म्हशीलाही ते कळलंच असणार.

आणि मग व्हायचं ते झालं. मास्तरीण झोपली, भर दुपारी, उताणी, घोरत! गावाला दुसरा पुरावा नको होता. जेठांच्या पायाचा गुण नवऱ्यातून बायकोत जातो हे सिद्ध झालं. पुढच्या रविवारी आंगणात जोडपी आली. म्हातारी, तरणी, एकमेकांशी बोलत नसलेली, सगळी. बायका खांब धरायच्या, नवरे लाजत लाजत त्यांच्या कमरेवर हात ठेवायचे, आणि आंगण तोंड फिरवून उभं राहायचं. जेठ आता डोळे उघडे ठेवतात, पण खाली जमिनीकडे. एक म्हातारे आजोबा लाथ खाऊन झाल्यावरही बायकोच्या कमरेवरचे हात काढेनात. जाऊबाईंना त्यांना हाताला धरून बाजूला करावं लागलं. लोक मला विचारतात, खरंच गुण येतो का? मी खरं काय ते सांगत नाही. काय सांगणार? सांगायला बसले तर ते जेठांच्या पायाबद्दल नसेलच.

नवऱ्याची कंबर आठवडाभरात बरी झाली. तो परत मोटरीसमोर उकिडवा बसायला लागला, गाडी हाणायला लागला. माझी काही बरी झाली नाही. कमी झाली, थोडी, कधी कधी. आणि तो बरा झाला त्या दिवशी मला जी भीती वाटली तिला नाव काय द्यावं कळत नाही. दुखणं गेलं की माणूस ते विसरतो. मीसुद्धा बाळंतपणं विसरलेच की. याची कंबर सरळ झाली म्हणजे माझी परत मनाला लावून घेतलेली होणार, असं मला वाटत होतं.

त्या रात्री तो पाठ टेकताच घोरायला लागला. स्विच. मी डोळे उघडे ठेवून पडले. मला कूस बदलायची होती, पण मी मुद्दाम थांबले. कण्हायचं नाही, असं ठरवलं होतं. मागून घ्यायचं नाही. शेवटी राहवेना, तसे मी हळूच गुडघे वाकवले.

घोरणं थांबलं. डोळे न उघडता त्याने हात माझ्या कमरेखाली सरकवला.

"वळ," तो म्हणाला. "धरून आहो मी."

मी वळले. तो परत घोरायला लागला. हात मात्र त्याने काढला नाही.

सकाळी ओट्यावर तो डाव्या हाताने चहा पीत होता. बशी हिंदकळत होती, चहा धोतरावर सांडत होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, मुंग्या आलेला, बधिर. जाऊबाई त्यांच्या चुलीपासून बघत होत्या.

"का झालं रे हाताले?"

"हाताले नाई," तो म्हणाला. "कंबर दुखून राहिली."

"कोनाची?"

त्याने चहाचा घोट घेतला.

"आमची," तो म्हणाला.